राग उसना मिळत नाही

नर्सबाई पुस्तकांना शिव्या द्यायच्या. मनातल्या मनात नाही, तोंडावर. वाचता वाचता काही पटलं नाही की पुस्तक दोन्ही हातांनी डोळ्यांसमोर उभं धरायच्या आणि लेखक त्या बांधणीतच दडून बसलाय अशा थाटात त्याला सुनवायच्या. माझ्या शिलाईच्या दुकानात नवीन आलेलं गिऱ्हाईक दचकायचं. बाई कोणावर चिडल्यात, असं कोणी हळूच विचारलं तर मी सांगायचे, सेनापतीवर चिडल्यात, तुम्ही ब्लाउजचं माप द्या.

त्या आमच्या गावात सरकारी नर्स म्हणून आल्या आणि निवृत्त झाल्यावरही इथेच राहिल्या. गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, जळगाव जामोदहून एसटीनं यावं लागतं. नाव सांगत नाही. नाव घेतलं की आमच्याकडे भावना दुखावतात, आणि त्या नावानं नव्हे, पुढे जे सांगायचं आहे त्यानं दुखावल्या पाहिजेत अशी माझी इच्छा आहे. निम्म्या गावाची नाळ नर्सबाईंनी कापलेली. नवरा लवकर गेला, मुलगा अकोल्याला नोकरीला, घर बुद्धविहारामागं. सकाळची कामं उरकली की पिशवीत पुस्तक टाकून त्या निघायच्या ते थेट माझ्याकडे. गावातलं एकुलतं एक वाचनालय माझ्या दुकानाला लागून होतं. तिथल्या बाकांना पाठ नव्हती आणि माझ्याकडे पाठीची खुर्ची होती. एवढ्याशा कारणावरून आमचं सगळं नातं सुरू झालं.

आमच्याकडे चातुर्मासात पोथी लागते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो आणि ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा असतो. नर्सबाईंच्या कादंबऱ्या माझ्या दुकानात अशाच लागल्या. वाचणाऱ्या त्या, अर्थ सांगणाऱ्याही त्याच आणि हुंकार माझा. मशीनच्या खडखडाटात माझा हुंकार ऐकू गेला नाही की त्या थांबायच्या. "ऐकून राह्यली का वं मंदा, का मी भिंतीले सांगू?" दहावीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे माझं बहुतेक वाचन कानांनी झालेलं आहे. फॉल लावायला आलेल्या बायका साडी तयार झाली तरी प्रकरण संपेपर्यंत हलायच्या नाहीत. एकदा एका म्हातारीनं उठताना सवयीनं पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला. नर्सबाई अशा भडकल्या की तिची चप्पल दुकानातच राहिली. "पाया नको पडू. हे खोटं हाय. खोटं हाय म्हणूनच गोड हाय," असं त्या तिच्यामागं रस्त्यापर्यंत ओरडत गेल्या.

वाचायच्या त्या एकाच जातीच्या कादंबऱ्या. राजे, राण्या, किल्ले, लढाया, आणि त्यात जादू. अर्धा इतिहास आणि अर्धी कल्पना. वाचनालयाचे सचिव अशी पुस्तकं सरसकट इतिहासाच्या कपाटात घालायचे आणि नर्सबाई ती तिथून उपसून कादंबऱ्यांच्या खालच्या फळीवर आणून ठेवायच्या. सचिव पुन्हा वर ठेवायचे. हे वर्षानुवर्षं चाललं, दोघांपैकी एकानंही हार मानली नाही. बाई, तुम्ही एवढ्या शहाण्या, मग हे असलं काय वाचता, असं मी एकदा विचारलं होतं. "नोकरीभर खरंच पाह्यलं," त्या म्हणाल्या. "आता मले खोटं पाह्यजे. पण निगुतीचं."

या निगुतीपायी त्यांचा पारा चढायचा. जादूला त्यांची कधी हरकत नव्हती. तलवार बोलली, घोडा उडाला, राजाच्या सावलीनं उठून कारभार केला, सगळं चालायचं. पण राणी सहा महिने जंगलात राहते आणि तिच्या केसांत एक गुंता होत नाही, हे चालायचं नाही. छातीत बाण घुसलेला सरदार दोन पानं भाषण करून मेला की पुस्तक लगेच डोळ्यांसमोर उभं धरलं जायचं. एका कादंबरीत राजकन्या गुहेत बाळंत होते आणि पुढच्याच परिच्छेदात घोड्यावर मांड टाकते. नर्सबाईंनी त्या दिवशी पुढचं वाचायलाच नकार दिला. नाळ कशानं कापली, वार पडली का, पोराला कशात गुंडाळलं, हे लेखकानं सांगितल्याशिवाय घोडं हलणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन दिवस ती राजकन्या माझ्या दुकानात बाळंतपणातच अडकून पडली होती. शेवटी माझ्याच्यानं राहवेना, मी म्हटलं, बाई, जाऊ द्या तिला. तेव्हा गेली.

नवीन पुस्तकांसाठी त्या शेगावला जायच्या. स्टेशनजवळच्या एका टपरीवाल्याशी त्यांनी संधान बांधलं होतं, तो त्यांच्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवायचा. एसटीत सगळ्यांना वाटायचं की बाई दर्शनाला निघाल्या. परतताना शेजारीण प्रसाद मागायची आणि नर्सबाई पिशवीतून कादंबरी काढून दाखवायच्या. वाचून झाल्यावर पुस्तक वाचनालयाला देऊन टाकायच्या. खालची फळी जवळजवळ त्यांनीच भरली होती. हे मी मुद्दाम सांगते आहे, पुढचा संताप कळण्यासाठी.

त्याच फळीवर एक दिवस सालईराणीची कादंबरी आली. लिहिणारा शहरातला कोणी तरुण होता. आमच्या डोंगरात जेमतेम दोनतीन दिवस राहून गेला आणि जाड कादंबरी लिहून मोकळा झाला. सालईच्या झाडाच्या पोटातून जन्मलेली राणी. जखम झाली की रक्ताऐवजी डिंक यायचा, लांडग्यांशी बोलायची, आमच्या नाल्याच्या वरच्या अंगाला तिचा गढ. आपल्या गावचा नाला पुस्तकात पाहून आम्ही हरखलोच. नर्सबाईंचाही त्या राणीवर जीव बसला. तिचे केस गुंतायचे, तिला पाळी यायची, ती भुकेनं चिडायची. कित्येक दिवस दुकानात शिवी ऐकू आली नाही. आणि शेवटच्या प्रकरणात वैरी गढाखाली येतो, तेव्हा राणी एका वैरी शिपायाचा हात धरून मागच्या दरवाजानं निघून जाते. प्रजा खाली मरते. का गेली, याचं एक वाक्य नाही.

त्या दिवशी जे काही झालं ते मी विसरणार नाही. मशीन बंद करून मी ऐकत होते आणि बाई पुस्तक डोळ्यांसमोर धरून उभ्या होत्या. राणीची बदनामी केली मेल्यानं, एवढी चांगली बाई वाढवली आणि ऐन वेळी तिचे पाय तोडले, असं त्या बोलत राहिल्या. पुढचे कित्येक आठवडे दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला हेच ऐकावं लागलं. राणीची बदनामी झाली. बायकांनी ते घरी नेलं, घरच्यांनी चौकात नेलं, आणि चौकात ते भलत्याच कानांत गेलं.

चौकात तोवर सालईराणी खरी झाली होती. सुरुवात कोणी केली कोण जाणे. पहिल्यांदा कोणीतरी नाल्याकाठच्या दगडाचा व्हिडिओ काढून टाकला की हीच आपल्या राणीची समाधी. मग दगडाला शेंदूर लागला, कुंपण आलं, फलक आला. फलकावरचा राणीचा इतिहास वाचून मी हसले होते, कारण तो शब्द न् शब्द कादंबरीच्या मलपृष्ठावरून उतरवलेला होता. जयंतीची तिथी कापूस वेचून झाल्यावरची ठरली, कारण तेव्हा पोरं रिकामी असतात. उत्सव समिती झाली. तिचा अध्यक्ष झाला गजू, खताच्या दुकानाचा मालक, नर्सबाईंच्या हातावर जन्मलेला. मी हसले ते चुकलंच म्हणा, कारण गावात बाकी कोणी हसत नव्हतं.

आणि मग या समितीला कळलं की एका पुस्तकात आपल्या राणीची बदनामी आहे. ज्या पुस्तकातून राणी उचलली, ज्या पुस्तकाबाहेर तिचं एक नख सापडणार नाही, त्याच पुस्तकानं तिची बदनामी केली. हे लिहितानाही माझ्या कानशिलाची शीर उडते. पुस्तक वाचनालयातून हलवा, गावात कोणी वाचू नये, अशी मागणी झाली. सचिवांनी सभा बोलावली. गजू दुकानात आला आणि नर्सबाईंना मोठ्या आदरानं म्हणाला की तुम्ही यायलाच पाहिजे, तुमच्याइतकं कोणी बोललेलं नाही.

सभा वाचनालयातच भरली. समितीची माणसं बाकांवर, बाकीची दारात. आम्ही दुकानातल्या चारपाच बायका खालच्या फळीजवळ सतरंजीवर बसलो. गजूनं आधी राणीच्या पराक्रमावर भाषण केलं आणि मग नर्सबाईंना म्हणाला, "बाई, तुम्ही दुकानात जे बोलता तेच इथं बोला. बदनामी झाली म्हणून."

"तू वाचली का बे?" बाईंनी विचारलं.

"वाचाची काय गरज हाय? तुम्ही वाचली ना."

बाईंनी एकेकाला विचारलं. समितीत कोणीच वाचली नव्हती. एकानं सुरुवात केली होती म्हणे, पण अक्षर बारीक होतं. बाई उठल्या. मला वाटलं आता शिव्या सुरू होणार. पण त्या इतक्या शांत बोलल्या की दारातल्या लोकांनी माना आत घातल्या.

"गजू, ते राणी त्या लेखकाच्या डोक्यातून निंघाली. त्याच्या अगोदर ते कुठीच नव्हती, ना नाल्यात, ना गढात. त्यानंच आणली अन् त्यानंच पळवली. मले राग आला, कारण मी तिच्यासंगं साऱ्या पुस्तकभर चालली. माहा राग वाचून आलेला हाय. तो मी कोणाले उसना देत नाई. तुले पाह्यजे असन तं बसून वाच, तुहा तुले येईन."

गजूचं तोंड पाहण्यासारखं झालं. तेवढ्यात मागच्या बाकावरून एक जण बोलला, चेहरा न दाखवता, जसं असलं बोलणारे नेहमी बोलतात. "तुमचा काय संबंध आमच्या राणीशी? तुमचं काय हाय त्याच्यात?"

खोलीत सगळ्यांना कळलं तो काय म्हणतोय. बुद्धविहारामागच्या बाईला 'आमच्या' आणि 'तुमचं' या शब्दांचा अर्थ कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. मी उठले आणि म्हणाले, कोण बोललं ते समोर या. कोणी आलं नाही. बाईंनी माझा पदर ओढून मला खाली बसवलं.

"काईच नाई माहं त्याच्यात," त्या म्हणाल्या. "साऱ्या पुस्तकात म्या आमचं घर धुंडलं. राजवाडा हाय, वाणी हाय, पाटील हाय, लांडगे बी बोलतात. आमची वस्ती कुठीच नाई. तरी म्या पुरी वाचली. तुह्यं तं पानापानावर हाय, अन् तुह्यानं एक पान वाचणं झालं नाई."

सभा तिथेच संपायला हवी होती. लाज असलेल्या माणसांची संपली असती. सचिव मात्र छताच्या पंख्याकडे बघत म्हणाले की दोन्ही बाजूंचा आदर आहे, पण वाद नको, पुस्तक तूर्त हलवू. 'वाद नको' हे शब्द मी आयुष्यात ज्याच्या ज्याच्या तोंडून ऐकले तो प्रत्येक जण एका बाजूला आधीच जाऊन बसलेला होता. मी सचिवांना ते तिथेच बोलून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक हलवलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी नर्सबाईंना सांगितलं की काही दिवस वाचनालयात येऊ नका, पोरं तापलेली आहेत. खालची फळी जिनं भरली तिला.

माझी गिऱ्हाइकं तुटली. समितीतल्या घरांचे ब्लाउज जळगाव जामोदला जायला लागले. जाऊ देत. तिकडचा शिंपी बाह्या आखूड करतो, ती माझी भरपाई. राग मला त्याचा नाही. राग याचा आहे की पुस्तकं घेऊन भांडणारी एक बाई गावाला पेलली नाही, आणि न वाचता भांडणारे पन्नास पेलले. नर्सबाईंच्या घरावर रात्री कोणी दगड टाकला नाही की काही नाही. नुसतं बोलणं बंद केलं. ज्यांची बाळंतपणं केली त्या बायका दळणाच्या रांगेत त्यांच्याकडे पाठ करायच्या. बाई म्हणायच्या, पाठीले काय होते, पाठीत म्या इंजेक्शनं दिली हायेत. पण मला दिसत होतं त्यांना काय होत होतं.

मग त्या शेगावला गेल्या आणि त्याच कादंबरीची आपली स्वतःची प्रत घेऊन आल्या. दुसऱ्या दिवशी दुकानाचं दार सताड उघडायला लावलं, खुर्ची उंबऱ्यात ओढली आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागल्या. मी विचारलं, बाई, तुम्हाला तर ही आवडत नाही. "आवडत नाई म्हणून वाचू नाई काय? आवडतं तेच वाचाचं असतं तं आरसा पाह्यला असता," त्या म्हणाल्या. पळण्याचं प्रकरण आलं तेव्हा पहिल्यापेक्षा जास्त शिव्या दिल्या, समोरून गजूची गाडी जात असताना. त्यानं वेग वाढवला.

मुलानं त्यांना मोबाइलवर ऐकायच्या कादंबऱ्या घालून दिल्या होत्या. त्या त्यांनी दोन दिवसांत बंद केल्या. मोबाइलमधली बाई फार गोड वाचते, म्हणाल्या, पण तिला थांबवून भांडता येत नाही. त्यानंतर गुडघे गेले आणि शेगाव बंद झालं. वाचनालय दहा पावलांवर होतं आणि ते त्यांच्यासाठी बंद होतं. शेवटच्या महिन्यांत त्या बाईंकडे वाचायला नवीन काही नव्हतं. हे वाक्य मी चार वेळा लिहिलं आणि चारही वेळा मला कोणाच्या तरी कानाखाली वाजवावीशी वाटली.

हिवाळ्यात छाती भरली. मुलगा गाडी घेऊन न्यायला आला. गाडीत बसता बसता त्यांनी ती कादंबरी माझ्या हातात दिली. मी म्हटलं, बाई, तिकडे दवाखान्यात काय वाचाल? "सारी पाठ हाय मले," त्या म्हणाल्या. "आता तू वाच. तुह्या तोंडानं वाच." मला मोठ्यानं वाचायची सवय नाही, जीभ अडखळते, हे मी सांगायच्या आत काच वर गेली. आठवडाभरात अकोल्याहून निरोप आला.

गावानं शोकसभा ठेवली. कुठे, तर वाचनालयात. तिथे तोवर समितीचे भोंगे, झेंडे आणि मिरवणुकीचा पुठ्ठ्याचा घोडा ठेवलेला होता, पुस्तकं मिळणं कधीच थांबलं होतं. नर्सबाईंचा फोटो घोड्याशेजारी टेबलावर होता, त्याला हार. सचिवांनी त्यांना वाचनसंस्कृतीची माता म्हटलं. ज्या माणसानं त्यांना दार बंद केलं त्याच्या तोंडून हे ऐकताना माझ्या बोटांत सुई घुसल्यासारखं झालं. मग गजू उठला. त्यानं फोटोला हात जोडले, खोटं कशाला सांगू, मनापासून जोडले. तो म्हणाला, बाईंनी मला या जगात आणलं, म्हणून समितीनं ठरवलंय की या वाचनालयाला बाईंचं नाव द्यायचं. टाळ्या पडल्या. मग त्यानं मला हात केला. मंदाताई, तुम्ही दोन शब्द बोला.

मी पिशवीतून पुस्तक काढलं. दोन शब्दांत होणार नाही, म्हटलं, आणि पहिलं पान उघडलं. पहिल्या ओळीला जीभ अडखळली, दुसऱ्याही. तिसऱ्या ओळीत सालईचं झाड फाटायला लागलं आणि माझा आवाज लागला.

गजू खालच्या आवाजात म्हणाला, "ताई, हे पुस्तक इथं नको."

मी वाचत राहिले. समितीची माणसं एकेक करून उठली, बाक करकरले. सचिव पंख्याकडे बघत होते. दुकानातल्या बायका सतरंजीवर जागच्या हलल्या नाहीत, एकीनं उलट दारातल्यांना सरकायला सांगून पुढे जागा केली. गजूनं एकदा फोटोकडे पाहिलं. मग भिंतीकडे गेला आणि त्यानं खोलीतले दिवे बंद केले.

भर दुपार होती. मी पान उलटलं.